अळूच्या पानांनी जोडलेली शेजारीण

अळूची हिरवीगार, सुपाएवढी पानं कुणी कापून बांधावर फेकताना दिसली, तर कुठल्या मराठी बाईच्या पोटात कालवाकालव होणार नाही? माझ्या झाली. २०१७ सालच्या सप्टेंबर अखेरची गोष्ट. मुलीला बालवाडीतून घेऊन सायकलवरून घरी निघाले होते. वाटेत भाजीचे वाफे लागतात. तिथं सत्तरीच्या आसपासच्या एक बाई, डोक्याला रुंद काठाची टोपी बांधून, अळकुड्या काढायच्या आधी वरचा पाला कापत होत्या आणि कापलेली पानं मागं ढिगात टाकत होत्या. मी ब्रेकच दाबला.

हे वाफे सातारा-वाईकडचे नव्हेत बरं का! टोकियोला लागून सैतामा प्रांत आहे, त्यातल्या तोकोरोझावा गावचे. आणि त्या बाई आमच्या शेजारीण होत्या. दहा महिने भिंतीला भिंत लागून राहत होतो आम्ही, पण ‘नमस्कार’ आणि ‘आज गार आहे’ यापलीकडे आमचं बोलणं कधी गेलं नव्हतं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझ्या दोन भाच्या आता नवऱ्याच्या नोकरीपायी परदेशी निघाल्या आहेत, आणि दोघींचाही प्रश्न एकच: “मावशी, तिथं करमेल का गं?” त्यांना काय काय बांधून न्यायचं ते सांगणाऱ्या खूप जणी भेटतील. मी जे सांगणार आहे ते बॅगेत मावणारं नाही.

आम्ही गेलो २०१६ च्या डिसेंबरात. ह्यांना कंपनीनं तिकडं पाठवलं म्हणून. मुलगी चार वर्षांची. हे सकाळी सातला बाहेर पडायचे आणि रात्री दहाला परत. मधले पंधरा तास मी आणि ती. साताऱ्यात आमच्या वाड्यात दार लोटलेलं असायचं, कडी म्हणून नसायची. वाटीभर साखर मागायला येणारी अर्धा तास बसल्याशिवाय जायची नाही. इथं दाराबाहेर एवढी शांतता, की जिन्यावर कुणाची पावलं वाजली तरी मी पातेलं खाली ठेवून कान द्यायची. कुणी आपल्याकडे येतंय का? नाही. पावलं पुढं जायची.

आपल्याकडे नवीन बिऱ्हाड आलं की शेजारीण आधी चहा घेऊन जाते. ‘सामान लागेपर्यंत जेवायला आमच्याकडेच या’ म्हणते. मी तेच धरून बसले होते. पहिल्या आठवड्यात कुणीही आलं नाही, तेव्हा मनात म्हटलं, माणसं माणुसघाणी आहेत. खरी गोष्ट मला सहा-सात महिन्यांनी कळली. जपानात नव्यानं येणाऱ्यानं आधी जायचं असतं. समोरची तीन घरं आणि दोन्ही बाजूंची एकेक, एवढ्यांच्या दारी टॉवेल नाहीतर मिठाईची छोटी पुडी घेऊन ‘आम्ही आलो आहोत, सांभाळून घ्या’ असं सांगायचं. पूर्वी म्हणे शेवयांसारख्या सोबा वाटायची रीत होती. म्हणजे त्यांच्या लेखी माणुसघाणी मी होते! दोन्हीकडचे लोक दार उघडायला तयार, आणि दोघंही एकमेकांची वाट बघत बसलेले.

त्यात माझ्या हातून एकेक घोटाळे. कचऱ्याचं तर विचारूच नका. जळणारा कचरा ठरलेल्या वारी, प्लास्टिक वेगळ्या वारी, बाटल्या धुऊन, वर्तमानपत्रं दोरीनं बांधून. माझी पिशवी दोनदा तशीच मागं राहिली, वर चिठ्ठी चिकटवलेली. सगळ्या आळीसमोर ती एकटी पिशवी उचलून घरी आणताना वाटलं, धरणी दुभंगावी. एकदा किराणा दुकानातल्या पन्नाशीच्या बाईंना मी हौसेनं ‘ओबाआसान’ अशी हाक मारली. ‘ओबासान’ म्हणजे काकू-मावशी आणि मधला ‘बा’ लांबवला की झाली आजी! त्या बाईंनी हसूनच पैसे मोजून घेतले, पण पुढं महिनाभर मी त्या दुकानाकडं फिरकले नाही.

तीन पानं आणि एक बोट

तर त्या वाफ्यापाशी मी थांबले. भाषा काही येत नव्हती. गावच्या सार्वजनिक सभागृहात, त्याला ‘कोमिनकान’ म्हणतात, तिथं स्वयंसेवक बाया परदेशी लोकांना जपानी शिकवतात. तिथं मी आठवड्यातून एकदा जात होते खरी, पण पाठ झालेलं सगळं ‘हे पेन आहे’ याच्या घरातलं. मी ढिगाकडं बोट दाखवलं, मग स्वतःकडं, मग तोंडाकडं. आजींनी हात जोरजोरात हलवून ‘नाही, नाही’ केलं. घशाला हात लावून खाजवल्यासारखं करून दाखवलं. मला एवढं हसू आलं! कारण आमची आई लहानपणी कच्चं अळू तोडू पाहणाऱ्या पोरांना हेच करून दाखवायची.

अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी घसा खवखवतो. नीट शिजवलं आणि आंबट घातलं की तो त्रास जातो, हे आपल्याकडं पोरीसोरींना ठाऊक. जपानी माणूस अळकुड्या, म्हणजे त्यांची ‘सातोइमो’, पिढ्यान् पिढ्या खात आला आहे. लालसर-जांभळ्या देठाच्या जातींचे देठही खातो. त्याला ‘झुइकी’ म्हणतात. ते वाळवून ठेवतात, आणि पूर्वी बाळंतिणीला मुद्दाम द्यायचे, आपल्याकडं अळीव-डिंक देतात तसे. पानं मात्र तिकडं सहसा कुणी खात नाही.

आपण वडीला काळ्या देठाचं अळू घेतो, हिरव्या देठाचं पातळ भाजीला. आजींच्या वाफ्यात एका कडेला अशी जांभळ्या देठाची रांग होती. मी तिथली तीन कोवळी पानं मागितली. त्यांनी नाइलाजानं दिली, आणि बोट वर करून काहीतरी बजावलं. बहुधा ‘मुलीला देऊ नकोस’ असंच असावं.

चिंच संपलेली. चिंचेसाठी सेइबु शिंजुकु गाडीनं ताकादानोबाबापर्यंत आणि तिथून एक स्टेशन शिन-ओकुबोला जावं लागतं. तिथं मसाल्यांची, डाळींची दुकानं आहेत. त्या दिवशी कुठली जाते! घरात उमेबोशी होती, त्यांची खारवलेली आंबटढाण फळं. तीन फळांचा गर काढला, ओकिनावाकडचा काळा गूळ चिरून त्यात घातला, डाळीच्या पिठात तिखट, हळद, हिंग, तीळ आणि दोन चमचे तांदळाची पिठी. उमेबोशीत मीठ फार असतं, म्हणून वरून मीठ अगदी चिमूटभर. पहिल्या वेळी मी नेहमीएवढं घातलं आणि वड्या खारट झाल्या, तेवढं लक्षात ठेवा. शिरा लाटण्यानं ठेचून घेतल्या. आपल्याकडं वळकटी वीस मिनिटं वाफवली की पुरते. मी भीतीपोटी चांगला अर्धा तास वाफवली. पहिली वडी मी एकटीनं खाल्ली आणि तासभर घसा चाचपत बसले. काही झालं नाही. मग तीन पानांच्या होत्या तेवढ्यातल्या सहा वड्या कुरकुरीत तळून शेजारचं दार वाजवलं.

आजींनी वडी उलटसुलट करून पाहिली. ती गुंडाळी, ते हिरवे वेटोळे. माझ्याकडं पाहिलं, मी एक खाऊन दाखवली. मग त्यांनी कोपरा तोडला. “साकु-साकु,” म्हणाल्या. म्हणजे कुरकुरीत! जपानी भाषेतला मला न शिकवता कळलेला तो पहिला शब्द.

रिकामी न येणारी ताटली

दुसऱ्या दिवशी ताटली परत आली ती भरलेली. रिकामं भांडं परत करू नये ही आपली रीत तिकडंही आहे, ‘ओउत्सुरी’ म्हणतात त्या भरून आलेल्याला. मला हे कळल्यावर जो आनंद झाला म्हणून सांगू! ताटलीत त्याच वाफ्यातल्या अळकुड्या, सुरेख तुकतुकीत, शिजवलेल्या.

आणि इथंच पंचाईत झाली. आम्ही शाकाहारी. जपानी स्वयंपाकात जवळजवळ प्रत्येक रश्श्याला ‘दाशी’ नावाचं सार लागतं आणि ते बहुतेक वेळा धुरी देऊन कडक वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचं असतं. पदार्थात मासा दिसत नाही, पण असतो. मी ताटली पुढ्यात घेऊन बसले. टाकून द्यावं आणि ‘छान होतं’ म्हणून सांगावं? हेच सोपं होतं, आणि आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणी तसंच करतात. पण मग ती पुढच्या वेळी पुन्हा प्रेमानं तेच करून आणणार, आणि मी पुन्हा टाकणार. ज्या मैत्रीची सुरुवात अन्न टाकून होते, ती कसली मैत्री?

शेवटी कोमिनकानमधल्या शिकवणाऱ्या बाईंकडून चार ओळी लिहून घेतल्या: ‘आमच्या घरी मांस-मासे खात नाहीत. माशाचं दाशीही चालत नाही. तुम्ही आणलंत याचा फार आनंद झाला. माफ करा.’ चिठ्ठी आणि ताटली घेऊन गेले. आजींनी चिठ्ठी वाचली, मान खाली घातली, दोनदा वाकल्या आणि दार लावून घेतलं. ह्यांना रात्री म्हटलं, “झालं. होती एक, तीही गेली.” हे म्हणाले, “अगं, लिहून कशाला द्यायचं असलं?”

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी बेल वाजली. दारात आजी, हातात तीच ताटली, तशाच अळकुड्या. बोट ठेवून एकेक शब्द सावकाश म्हणाल्या: “कोम्बू. शिइताके.” समुद्रातलं शेवाळ आणि वाळवलेली अळिंबी यांचं दाशी केलं होतं. तिकडच्या बौद्ध मठांतला स्वयंपाक तसा शाकाहारीच असतो, हे मला पुढं कळलं. चार दिवस गप्प का, तेही कळलं. पहिल्या दोन खेपा त्यांच्या मनासारख्या झाल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी आणल्याच नाहीत!

त्यानंतर आमचं वाट्या-ताटल्यांचं येणं-जाणं सुरू झालं ते थांबलंच नाही. तिकडच्या काबोचा नावाच्या भोपळ्याचे मी घारगे केले. त्या त्याला गोड वडे म्हणून दुपारच्या हिरव्या चहाबरोबर खायच्या. (सायामाचा चहा आमच्या भागातलाच, फार नावाजलेला.) मुळ्याचा पाला त्या लोणच्यात घालायच्या, मी डाळीचं पीठ पेरून भाजी करून दिली. त्यांच्याकडं सोयाबीन भाजून केलेलं ‘किनाको’ नावाचं पीठ असतं, डबा उघडला की बेसनाच्या लाडवांचा वास. मी ते तुपावर परतून लाडू वळले. आजींच्या यजमानांना एवढे आवडले की ते स्वतः डबा परत द्यायला आले. एरवी ते चार शब्दही बोलत नसत.

माझ्याही चुका चालूच होत्या. एकदा त्यांच्याकडं जेवताना मुलीनं काड्या भातात उभ्या खोचल्या. आजी चटकन उठल्या आणि आडव्या ठेवल्या. मृताला ठेवतात त्या भातात तशा काड्या उभ्या करतात. रागावल्या नाहीत, फक्त एकदा समजावून सांगितलं. आपल्या घरातलं मूल चुकलं की आपण सांगतो ना, तसं. परक्याच्या मुलाला कुणी एवढं सांगत बसत नाही.

मोदकांचंही सांगते, कारण नव्यानं जाणाऱ्या सगळ्याजणी यात फसतात. तांदळाच्या पिठाची तिथं दोन-तीन पाकिटं मिळतात. ‘शिरातामाको’ आणि ‘मोचिको’ चिकट तांदळाची. त्याची उकड काढाल तर खळ होईल. आपल्याला हवं ‘जोशिंको’. एक वाटी जोशिंकोला दोन चमचे शिरातामाको घातलं तर पाऱ्या फाटत नाहीत. पुरणासाठी तर तिकडं आयतं वाटलेलं, गाळलेलं लाल अझुकीचं गोड सारण दुकानात मिळतं, ‘कोशिआन’ म्हणतात. पुरणयंत्र फिरवायला नको! चव हरभऱ्याच्या डाळीची नाही, पण वेलदोडा-जायफळ घालून पोळी केली तर होळी साजरी होते.

२०१८ च्या सप्टेंबरात, आमचा गणपती नुकताच उठला होता, तेव्हा आजींनी बोलावलं. खिडकीत कुशीच्या तुऱ्यांसारखं गवत, पाटावर तांदळाच्या पांढऱ्या गोळ्यांची उतरंड आणि बाजूला उकडलेल्या छोट्या अळकुड्या. चंद्राची पूजाच जणू! जुन्या पंचांगातल्या आठव्या महिन्याची ती पौर्णिमा, बहुतेक वर्षी आपल्या अनंत चतुर्दशीच्या आगेमागे येते, कधी कोजागिरीला. अळकुड्यांचा नैवेद्य म्हणून तिला ‘इमो मेइगेत्सु’, अळकुड्यांचा चंद्र, असंही म्हणतात. मी उरलेले चार मोदक त्यांच्या गोळ्यांशेजारी ठेवले. आजींनी एक फोडला, आतलं खोबरं पाहिलं आणि म्हणाल्या, “आमच्यात हे आत घालायचं राहून गेलं वाटतं!”

आपली माणसं

आपली माणसं तिथं नाहीत असं नाही. टोकियोच्या एदोगावा प्रभागात निशि-कासाई म्हणून भाग आहे. २००० सालच्या संगणकांच्या अडचणीच्या वेळी भारतीय इंजिनियर तिथं येऊन राहू लागले आणि वस्ती वाढत गेली. त्याच प्रभागाच्या सभागृहावर २०१९ साली आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले. टोकियो मराठी मंडळाचा गणपती असतो. आरतीला एवढ्या आवाजात टाळ्या ऐकल्या की रडू येतं, मला दरवर्षी येतं. तिथं जा, जरूर जा. पण निशि-कासाई आमच्या घरापासून गाडीनं तासाभराहून लांब. रात्री मुलीला ताप चढला आणि हे ओसाकाला, अशा वेळी दवाखान्यात सोबत आल्या त्या आजी. फॉर्म त्यांनी भरला. ‘नातं’ या रकान्यात त्यांनी ‘शेजारी’ लिहिलं, एवढं वाचण्यापुरती भाषा तोवर मला आली होती.

आणि मग २०२० साल आलं. त्या श्रावणात माझी आई गेली. साताऱ्यात. नेहमीची विमानं बंद, गेले तरी परत कधी येता येईल त्याची शाश्वती नाही, मुलगी लहान. भावानं फोन धरला आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून तेवढ्याशा काचेत सगळं पाहिलं. मधेच चित्र अडकलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा अंगण रिकामं होतं.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? पण आठ-दहा दिवस ताटली गेली नाही म्हणून आजीच आल्या. तोंडाला मास्क, दारातच, लांब उभ्या. मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. वाकल्या, खूप वेळ वाकून राहिल्या आणि गेल्या. मला वाटलं, बस्स, एवढंच?

सप्टेंबरात तिकडं ‘हिगान’ असतो. दिवस-रात्र समान होतात त्या दिवसाच्या मागचे-पुढचे तीन-तीन दिवस पितरांचे. आपला पितृपंधरवडा त्या वर्षी नुकताच संपलेला. हिगानात घरोघरी ‘ओहागी’ करतात, चिकट भाताचे गोळे, वरून अझुकीच्या पुरणाचा लेप. आजी सकाळीच आल्या. डब्यात ओहागी, कागदात गुंडाळलेल्या उदबत्त्या, आणि पिशवीत जांभळ्या देठाची कोवळी पानं, ओल्या कापडात बांधलेली. तीन नव्हेत, चांगली पंधरा-वीस. मागं कधीतरी बोलता बोलता मी म्हटलं होतं की वड्या आईच्या हाताच्या. मी तिच्याकडूनच शिकले. मी विसरले होते. त्यांच्या ध्यानात होतं.

म्हणाल्या, “हे ओहागी तुमच्या आईसाठी मी केलेत. वड्या तुम्ही करा. मी बसते.”

आणि बसल्या. खिडक्या सताड उघड्या टाकून, खुर्ची दाराजवळ ओढून. मी शिरा ठेचल्या, पीठ लावलं, एकावर एक पानं ठेवली, दुमडली, वळली. रडतही होते आणि हातही चालत होते. आईच्या फोटोपुढं पान मांडलं, त्यात वरण-भात, वड्या आणि ओहागी. उदबत्ती त्यांनी लावली. मग फोटोकडं पाहून जपानीत आईशी काहीतरी बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

तर माझ्या भाच्यांनो, आणि तुमच्यासारख्या निघालेल्या सगळ्याजणींनो, बॅगेत हिंग घ्या, गोडा मसाला घ्या, पुरणयंत्र मात्र घेऊ नका, त्याचं वजनच जास्त. जपानला जात असाल तर ताजा कढीपत्ता, फळं, रोपं अजिबात नेऊ नका. वनस्पतींच्या आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरच काढून घेतात. शेजाऱ्यांसाठी पाच छोट्या पुड्या मात्र आठवणीनं न्या. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात, सामान लागलं नसलं तरी, पाच दारं वाजवून या. शब्द येत नसले तर नुसतं वाकून या.

गेल्या वर्षी आमच्या खालच्या मजल्यावर एक नेपाळी जोडपं आलं. मुलगी असेल पंचविशीची. आठ दिवस ती कुणाच्या दारी गेली नाही. आजी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, “तिला कुणी सांगितलं नसेल, नाही का?” संध्याकाळी आम्ही दोघी मिळूनच खाली गेलो. त्यांच्या हातात अळकुड्या होत्या, माझ्या हातात वड्या. दार उघडून तिनं ताटलीत पाहिलं आणि म्हणाली, “अरे, हे तर आमच्याकडचं पिंडालू!”